लाल आलू घ्यायचा की पांढरा? दोन्ही एकाच कुकरमध्ये लावून पाहिले

आमच्या घरी बारा महिने एकच आलू, पांढरा. कॉटन मार्केटात गेलं की ढिगातून पाच किलो उचलायचा, हिरवट दिसले ते बाजूला करायचे, झालं. आंब्याची जात विचारतो आपण, तांदळाची विचारतो, आलू म्हणजे मात्र नुसता आलू. मग मागच्या हिवाळ्यात नेहमीच्या भाजीवाल्या काकूंकडचा पांढरा संपला होता तर त्यांनी लाल पुढे केला, म्हणे नेऊन तर पहा. मी जरा नाराजीनेच आणला कारण डोळे खोल होते, सोलताना वैताग येणार हे दिसत होतं. संध्याकाळी जिरं, हिरवी मिरची आणि वरून सांभार (म्हणजे कोथिंबीर) एवढ्यावर सुकी भाजी टाकली तर पोरगं विचारतंय, आई आज यात काय घातलं? काहीच नव्हतं घातलं.

म्हणून मग एका रविवारी दोन्ही आणले, साधारण एकाच आकाराचे निवडले, दोन डब्यांत घालून एकाच कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. पांढऱ्याचं साल हाताने आपोआप सुटलं आणि दाबला तर रवाळ फुटला, लगेच मोकळा. लाल दाबला तर नुसता चपटा झाला, सुरीने कापला तर फोडीच्या कडा अगदी धारदार राहिल्या, आत फिकट पिवळा रंग आणि किंचित ओलसर चमक. नुसतं मीठ लावून खाल्ला तेव्हा कळलं, पांढऱ्याला चव अशी नाही, तो मसाल्याची चव घेतो, लालला स्वतःची चव आहे, थोडी लोण्याची, थोडी मातीची म्हणा.

आता नावांचं थोडं, कारण बाजारात कोणी जात सांगत नाही. "आग्र्याचा", "इंदूरचा", "लाल", एवढंच ऐकू येतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा जातींच्या नावापुढे कुफरी लागतं, ते शिमल्याजवळचं गाव, बटाटा संशोधन संस्थेचं काम तिथे चालतं. पांढऱ्यात कुफरी ज्योती, 1968 ची, आणि त्याच काळातली चंद्रमुखी. लालमध्ये कुफरी सिंदुरी, 1967 ची, तयार व्हायला वेळ घेते पण टिकते छान. आणि 1998 ची पुखराज, ती बाहेरून आतून पिवळसर, पीक भरपूर येतं पण पाणी जास्त. (कुफरी लवकर नावाचीही एक जात आहे, लवकर निघते म्हणून, आणि हे मी मनचं सांगत नाहीये.) अर्थात काकूंनी दिलेला लाल तो सिंदुरीच होता याची खात्री मी देऊ शकत नाही, लाल सालीच्या जाती बऱ्याच आहेत, त्यामुळे नावापेक्षा आलू कसा वागतो ते बघा.

ते बघायची सोपी युक्ती आहे, एक वाटी मीठ आणि अकरा वाट्या पाणी असं गंजात, म्हणजे पातेल्यात, विरघळवायचं आणि कच्चा आलू सोडायचा. बुडला तर स्टार्च जास्त, शिजून भुरभुरीत होणार. तरंगला तर स्टार्च कमी, फोडी अख्ख्या राहणार. मी चार-पाच सोडून पाहिले, एकाच ढिगातलेही काही बुडतात काही तरंगतात, म्हणजे ढीग म्हणून भरवसा ठेवायचाच नाही.

आलुबोंड्याला लाल वापरायची चूक करू नका, मी केली. चव आवडली म्हणून सारण त्याचंच केलं, कुस्करताना सराट्याला (उलथण्याला) चिकटून बसलं, गोळा लगद्यासारखा झाला, आणि तळताना दोन बोंडे तेलातच फुटले, कढईभर चुरा. पाहुणे आले होते, त्यांना तर्री पोहे देऊन वेळ मारून नेली. बोंडा, कटलेट, आलूचा पराठा, यांना पांढराच, तो कोरडा कुस्करतो. याउलट वांगे-आलू रस्सा, आलूची सुकी भाजी, आलूभात, आणि उपासाची फल्लीचा कूट घातलेली भाजी, इथे लालचा हात कोणी धरू शकत नाही, दुसऱ्या दिवशी गरम केली तरी फोडी तशाच. पांढऱ्याचा रस्सा दाट होतो हे खरं आहे, काहींना तसाच आवडतो, माझ्या सासरी फोड अर्धी विरघळलेलीच हवी असते.

एक गोष्ट मात्र दोघांना सारखी, चिंच, टमाटर, दही आधी घातलं तर आलू शिजता शिजत नाही, आंबटाने फोडी टणक राहतात. आधी शिजू द्या, मग आंबट. पांढऱ्याच्या फोडी फुटू नयेत म्हणून कधी कधी मी हेच मुद्दाम उलटं करते.

आता गोड लागायची तक्रार. पावसाळ्यात आणलेला आलू भाजीत गोडसर लागतो आणि चिप्स तळले की करपल्यासारखे काळपट होतात, ते कोल्ड स्टोरेजमुळे, थंडीत स्टार्चची साखर होते. लाल असो की पांढरा, दोघांचं तसंच होतं. आठ-दहा दिवस बाहेर टोपलीत अंधारात ठेवले की गोडी बरीच उतरते. घरच्या फ्रीजमध्ये ठेवाल तर तेच पुन्हा होईल, म्हणून फ्रीज नकोच. उजेडातही नको, हिरवे पडतात आणि हिरवा आलू कडू लागतो, तो भाग जाड कापून टाकायचा, फारच हिरवा असेल तर अख्खा आलूच.

नव्या हंगामाचा आलू जानेवारी ते मार्चमध्ये येतो, तेव्हा लाल घेऊन पहायचा असेल तर तेव्हाच पहा, साल पातळ असते, न सोलता धुवून कापला तरी चालतो आणि डोळ्यांचा वैताग निम्मा कमी.

भावात लाल थोडा चढाच असतो आमच्याकडे. घरात आठवड्याला बोंडे होत असतील आणि एकच पिशवी आणायची असेल तर सरळ पांढरा घ्या, रोजच्या डब्यात सुकी भाजी जात असेल तर लाल. मी सध्या तीन किलो लाल, दोन किलो पांढरा आणते, दोन वेगळ्या टोपल्या. सासूबाई लाल टोपलीकडे बघून अजूनही विचारतात, रताळी आणली का गं, उपास आहे का आज?