डिझाइनची फाइल आणि एआय कोडिंग असिस्टंट: काही महिने वापरल्यानंतर

पावसाळ्याआधीपासून डिझाइनचं सॉफ्टवेअर थेट एडिटरमधल्या एआय असिस्टंटला जोडून काम करतोय. काम फ्रंटएंडचं, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाचं, रिअ‍ॅक्ट आणि टेलविंड या साधनांमध्ये. अ‍ॅप मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. उत्पादनांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण मी जिथे जिथे अडकलो ते बहुतेक कुठल्याही जोडीत होईल. जोडणी ठेवलीय, काढणार नाही. पण सुरुवातीला डोकं पिकवलं तिने.

सगळं चालतं एमसीपीवर, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर: एआय असिस्टंटला बाहेरच्या साधनांशी जोडायची ठरलेली पद्धत. अँथ्रोपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि आता बहुतेक एडिटरना तो कळतो. कॉन्फिगमध्ये चार ओळी टाका, एडिटर रीस्टार्ट करा, झालं, असं सगळे सांगतात. माझ्याकडे लाल ठिपका आणि लॉगमध्ये ‘स्पॉन एनपीएक्स ईएनओईएनटी’, म्हणजे नोडसोबत येणारी एनपीएक्स ही कमांडच सापडली नाही. गंमत म्हणजे तीच कमांड टर्मिनलमध्ये निमूट चालत होती. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या अ‍ॅपला टर्मिनलमधला पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) मिळेलच असं नाही, आणि नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) टाकला असेल तर तो नेमका त्याच पाथमध्ये असतो. टर्मिनलमध्ये ‘व्हिच एनपीएक्स’ चालवा आणि येईल तो पूर्ण पत्ता कॉन्फिगमध्ये चिकटवा; एनपीएक्सला स्वतःला नोड सापडावा लागतो, म्हणून तोच फोल्डर कॉन्फिगमधल्या पाथलाही जोडा. विंडोजवाल्या सहकाऱ्याचं दुखणं वेगळं होतं. डिझाइनचं अ‍ॅप विंडोजवर, असिस्टंट डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्सच्या आत. तिथून १२७.०.०.१ ला (‘हाच संगणक’ असा पत्ता) हाक मारली की डब्ल्यूएसएल स्वतःलाच ओ देतं, विंडोजपर्यंत निरोप जातच नाही. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएलचा नेटवर्किंग मोड ‘मिरर्ड’ केल्यावर सुटलं.

हे एकदाच करायचं असतं. रोजचा वैताग पुढे आहे.

जोडणी लागली म्हणजे असिस्टंटला डिझाइन ‘दिसतं’ असं वाटतं. त्याला मुख्यतः लेयरचं झाड मिळतं. त्या झाडात ‘फ्रेम ४२७’, ‘ग्रुप १२’, ‘रेक्टँगल ९ कॉपी’ अशी नावं असतील तर तो तरी काय करणार? ऑटो लेआउट (आतल्या गोष्टी जागेनुसार आपोआप मांडणारी सोय) न लावलेल्या कार्डचा कोड मागितला तर प्रत्येक गोष्टीला ‘पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट’ आणि पिक्सेलचे आकडे. डेस्कटॉपवर हुबेहूब, मोबाइलवर सगळं एकमेकांच्या अंगावर. रंगांचंही तेच: व्हेरिएबल बांधलेलं नसेल तर टोकनऐवजी (रंगाला दिलेल्या सामायिक नावाऐवजी) कच्चा हेक्स कोड, म्हणजे रंगाचा आकडा, येतो आणि डार्क मोड लावला की ती बटणं ढिम्म हलत नाहीत.

आमच्या डिझायनरने नावं नीट केली, ऑटो लेआउट लावलं, रंग आणि स्पेसिंग व्हेरिएबलला बांधले, आणि निम्म्याहून जास्त कटकट तिथेच गेली. प्रॉम्प्ट सुधारून जे होत नव्हतं ते फाइल झाडून झालं. दुसरी सवय म्हणजे अख्खं पान निवडून ‘हे बनव’ म्हणायचं नाही. त्यातून एवढा मजकूर येतो की कॉन्टेक्स्ट (असिस्टंटच्या ध्यानात एका वेळी मावेल तेवढी जागा) भरतो आणि असिस्टंट आपल्या प्रोजेक्टचे नियम विसरून नवाच बटण कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा) लिहून मोकळा होतो. एका वेळी एक कंपोनंट, आणि असिस्टंट वाचतो त्या नियमांच्या फाइलमध्ये स्पष्ट ओळ: आधी कंपोनंटच्या फोल्डरमध्ये बघ, तिथे नसेल तरच नवीन लिही.

आता मराठीचा मुद्दा, जो मला आधी कुठेच वाचायला मिळाला नव्हता. मूळ डिझाइन इंग्रजी मजकुरावर बेतलेलं. शीर्षकांना लेटर स्पेसिंग २ टक्के. असिस्टंटने त्याचं इमानदारीत ०.०२ ईएम (फाँटच्या आकारावर मोजणारं एकक) केलं. इंग्रजीत छान. देवनागरीत शिरोरेघ प्रत्येक अक्षरानंतर तुटली, ‘माझी खाती’ दातेरी कंगव्यासारखं दिसायला लागलं. लाइन हाइट १.१ आणि वर ‘ओव्हरफ्लो हिडन’, त्यामुळे ‘पूर्ण’मधला रफार वरून आणि दीर्घ ऊकार खालून कापला गेला. आकडे डिझाइनशी तंतोतंत जुळत होते, म्हणून असिस्टंट ठामपणे ‘सगळं बरोबर आहे’ सांगत राहिला. उपाय साधा: ‘लँग एमआर’ (भाषा मराठी अशी खूण) असलेल्या मजकुराला लेटर स्पेसिंग शून्य, लाइन हाइट किमान १.५, फाँट मुक्ता. हे जागतिक सीएसएसमध्ये आणि नियमांच्या फाइलमध्येही. शिवाय डिझाइनच्या फाइलमध्येच प्रत्येक कंपोनंटची मराठी आवृत्ती ठेवायला लावली. ‘सबमिट’च्या मापाच्या बटणात ‘अर्ज सादर करा’ बसत नाही, हे मग कोडपर्यंत यायच्या आधीच कळतं.

फायदा कुठे होतो? टोकन बदलले की कोडमध्ये ते जुळवून घेणं, आयकॉन काढणं, फॉर्मचा सांगाडा उभा करणं, यात झपाट्याने काम होतं. अ‍ॅनिमेशन, हॉवर, एरर आल्यावरची स्थिती हे डिझाइनमध्ये काढलेलं नसेल तर तो मनानेच ठरवतो, आणि ते ठरवणं मला सहसा पटत नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. ही सोय डिझाइन सॉफ्टवेअरच्या तुमच्या प्लॅनमध्ये आणि तुमच्या सीटला (तुमच्या नावावरच्या परवान्याला) आहे का, हे आधी विचारा. नाहीतर कॉन्फिग बरोबर असूनही दिवस जातो. आणि परवानग्या. असिस्टंट फाइलमधला मजकूरही वाचतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कोणी सूचना लपवून ठेवली तर तो ती पाळू शकतो. म्हणून क्लायंटच्या फाइलना फक्त वाचण्याची परवानगी, आणि टर्मिनलची प्रत्येक कमांड मला विचारूनच.