कुकीज: रोज पुसायच्या की कप्प्यांत ठेवायच्या?

कुकीजचा, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींचा, बंदोबस्त करायचं मनावर घेतलं की सल्ले पुष्कळ मिळतात, पण खरी निवड दोनच गोष्टींत असते. पहिली: ब्राउझर बंद केला की सगळ्या कुकीज पुसल्या जातील अशी सेटिंग लावायची आणि मोजक्या भरवशाच्या साइट्सना त्यातून सूट द्यायची. दुसरी: कुकीज राहू द्यायच्या, पण एका साइटवर ठेवलेली कुकी दुसरीकडे वाचता येणार नाही अशी तजवीज करायची, म्हणजे थर्ड-पार्टी (उघडलेल्या साइटच्या नव्हे, तिसऱ्याच कुणाच्या) कुकीज ब्लॉक करायच्या किंवा प्रत्येक साइटचा कप्पा वेगळा करायचा. दोन्ही सोयी ब्राउझरमध्येच असतात. मी आधी पहिली बराच काळ वापरली, आता दुसरी वापरतो. दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, आणि पहिली वापरणाऱ्यांना तिच्यापासून परावृत्त करावं इतकी ती वाईट नाही.

आधी आपल्याला नेमकं काय खुपतंय ते पाहू. 1994 मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली ती साध्या गरजेतून. वेबला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती; एक पान उघडून दुसऱ्यावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवे. खरेदीची टोपली भरायची तर कुणीतरी काहीतरी लक्षात ठेवायला हवं होतं. इथवर तक्रारीला जागाच नाही. अडचण सुरू झाली ती पानात तिसऱ्याच कुणाचं चित्र किंवा स्क्रिप्ट बसायला लागल्यावर. तीच जाहिरात कंपनी हजार साइट्सवर बसली की तिची एकच कुकी हजार ठिकाणी वाचली जाते, आणि तुम्ही सकाळी कुठल्या आजाराबद्दल वाचलंत, दुपारी कुठली नोकरी शोधलीत, हे कुकीतल्या एका नंबरापुढे जमा होत जातं. हे पुढे जाऊन कळलं असंही नाही. 1997 च्या कुकीच्या पहिल्या मानकातच लिहिलं होतं की असल्या परस्पर येणाऱ्या कुकीज ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत. मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही, आणि पुढची वीसएक वर्षं त्याचीच फळं आपण भोगली.

एकदा स्वतः डोळ्यांनी पाहून घ्या. संगणकावर डेव्हलपर टूल्स उघडा. क्रोममध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’, फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ असा टॅब असतो. एखादी मोठी बातम्यांची साइट उघडून तिथली कुकीजची यादी बघा. लॉगिनची एक ओळ, भाषेची एक, कुकीजची परवानगी मागणाऱ्या बॅनरवर तुम्ही काय दाबलंत त्याची एक, आणि ‘अंडरस्कोर-जीए’ नावाची गूगल अ‍ॅनालिटिक्सची, म्हणजे साइटवर येणाऱ्यांचं मोजमाप ठेवणाऱ्या सेवेची, एक, जिच्यात एक लांबलचक नंबर असतो. मग डोमेनच्या रकान्यावरून नजर खाली न्या. तुम्ही कधी नाव ऐकलं नाही अशी डोमेन तिथे असतात. शेजारचा मुदतीचा रकाना आणखी बोलका आहे. काही ओळींपुढे ‘सेशन’ लिहिलेलं असतं, त्या ब्राउझरबरोबर जातात. बाकीच्यांपुढे पुढच्या वर्षाची तारीख. अंडरस्कोर-जीए मूळची दोन वर्षं मागते. क्रोमने 2022 पासून कुठल्याही कुकीला 400 दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि स्क्रिप्टने लिहिलेली कुकी सफारी सात दिवसांवर ठेवतच नाही.

आता पहिला मार्ग, रोज पुसण्याचा. याचा मोठा गुण म्हणजे तो भेदभाव करत नाही. त्या यादीतली अंडरस्कोर-जीए ही साइटची स्वतःची, म्हणजे फर्स्ट-पार्टी कुकी आहे. थर्ड-पार्टी ब्लॉक करून ती हलत नाही. पुसण्याने मात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला नवा नंबर मिळतो. शिवाय संगणकात चोरटं सॉफ्टवेअर शिरलं तर ते हल्ली पासवर्डाइतक्याच हौसेने लॉगिनच्या कुकीज उचलतं, कारण ती कुकी दुसऱ्या यंत्रात टाकली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न लागता आत शिरता येतं. पुसलेल्या ब्राउझरमध्ये चोरण्यासारखं कमी उरतं. घरात एकच संगणक चौघांचा असेल तर हा मार्ग फारच सोयीचा. आणि मनाला बरं वाटतं, तेही खरं आहे.

मला यातून बाहेर काढलं ते एका त्रासाने, आणि तो त्रास वरवर किरकोळ वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्या कुकीज पुसल्या की त्यात ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ ही खूणही पुसली जाते, कारण तीसुद्धा कुकीच असते. मग रोज लॉगिन, रोज ओटीपी, आणि त्या पाठोपाठ ईमेल: ‘तुमच्या खात्यात नवीन डिव्हाइसवरून प्रवेश झाला आहे. हे तुम्ही नव्हतात का?’ संगणक तोच, खुर्ची तीच. पण साइटच्या दृष्टीने काल आलेला माणूस नाहीसा झालेला असतो. पहिले काही दिवस मी या ईमेल उघडून वेळ आणि ठिकाण पडताळून पाहत असे. मग नुसता विषय वाचून पुढे जायला लागलो. मग तोही वाचेनासा झालो. बोट आपोआप डिलीटवर जायचं. हे एक दिवस लक्षात आलं तेव्हा मला खरोखर काळजी वाटली. खात्यात कुणी परका शिरला तर मला सावध करणारी ती एकच गोष्ट होती, आणि मी स्वतः लावलेल्या सेटिंगने तिचा ‘लांडगा आला रे आला’ करून टाकला होता. जाहिरातवाल्याला एक नंबर मिळू नये म्हणून मी खात्याच्या दाराची घंटा निकामी करत होतो. हा सौदा मला पटेना.

त्याच त्रासाचा दुसरा पदर बॅनरचा. साइटवर ‘सर्व नाकारा’ दाबलंत की तो नकारही कुकीतच लिहिला जातो. ब्राउझर बंद, नकार गेला. दुसऱ्या दिवशी तीच साइट तोच प्रश्न तितक्याच उत्साहाने विचारते. ज्याने कुकीज नाकारायच्या ठरवल्या त्यालाच सर्वांत जास्त वेळा नाकारावं लागतं, आणि कंटाळून एखाद्या दिवशी माणूस ‘सर्व स्वीकारा’ दाबतोच.

सूट देण्याची यादी असते ना, असं कुणी म्हणेल. असते, आणि मी ती मन लावून सांभाळली. पण लॉगिन बऱ्याचदा भलत्याच डोमेनवर होतं. तुम्ही ईमेलच्या साइटला सूट देता, आणि ओळख पटवणारी कुकी असते खात्यांच्या वेगळ्या पत्त्यावर. ती शोधून यादीत घालावी लागते. हळूहळू यादी वाढते, आणि तिच्यात नेमक्या त्या साइट्स असतात ज्यांना तुमच्याबद्दल सर्वांत जास्त ठाऊक आहे. म्हणजे चोरट्या सॉफ्टवेअरविरुद्धचा जो फायदा वर सांगितला, तोही महत्त्वाच्या खात्यांपुरता संपला.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला तत्त्वतःच निर्णायक वाटते. पुसणं होतं ब्राउझर बंद झाल्यावर. पण ब्राउझर बंद होतो कधी? लॅपटॉपचं झाकण मिटलं जातं, टॅब तसेच राहतात. मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सवय असेल तर सेशनच्या कुकीजसुद्धा परत येऊ शकतात. फोनवर तर ब्राउझर बंद करण्याची रीतच नाही. तोवर दिवसभर जे काही एका साइटवरून दुसरीवर जोडलं जायचं ते जोडून झालेलं असतं. संध्याकाळी पुसलं तरी दुपारचं वाचन समोरच्याच्या सर्व्हरवर जाऊन पोचलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ईमेलने लॉगिन केलं की जुना धागा पुन्हा हाती लागतो.

दुसरा मार्ग त्या जोडण्यावरच घाव घालतो. सफारीने 2017 मध्ये हे कडक करायला घेतलं आणि मार्च 2020 पासून थर्ड-पार्टी कुकीज मुळातच बंद केल्या. फायरफॉक्सने 2019 मध्ये ओळखीच्या ट्रॅकर्सच्या कुकीज अडवायला घेतल्या आणि जून 2022 पासून संगणकावरच्या सगळ्यांना आपोआप कप्प्यांची सोय दिली: तीच जाहिरात कंपनी दोन साइट्सवर बसली असली तरी तिला दोन वेगळ्या कुकीज मिळतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पानातला व्हिडिओ, नकाशा, चॅटची खिडकी अशा गोष्टी त्यामुळे बहुधा चालू राहतात. मला कप्प्यांची रीत सरसकट बंदीपेक्षा उजवी वाटते ती याचसाठी.

क्रोमची गोष्ट वेगळी आहे आणि क्रोमवाल्यांनी ती नीट ध्यानात घ्यावी. जानेवारी 2020 मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षांत थर्ड-पार्टी कुकीज काढून टाकू. मुदत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, जुलै 2024 मध्ये तो बेत सोडला, आणि एप्रिल 2025 मध्ये वापरणाऱ्याला त्याबद्दल वेगळी विचारणाही करणार नाही असं सांगून टाकलं. त्यामुळे क्रोमच्या साध्या खिडकीत त्या आजही चालू असतात. फक्त इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या प्रायव्हेट खिडकीत, आपोआप बंद. ‘कुकीज संपल्या म्हणे’ अशी बातमी कधीतरी वाचून निर्धास्त झालेले अनेक जण मला भेटतात. सेटिंग तुम्हालाच बदलावी लागते.

दुसऱ्या मार्गाच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. फर्स्ट-पार्टी मोजमाप चालूच राहतं. लिंकला चिकटवलेली लांब शेपटी तुमची ओळख कप्प्याबाहेर वाहून नेऊ शकते, आणि दोन साइट्सना तुम्ही एकच ईमेल दिलात तर त्यांना कुकीची गरजच नाही. स्क्रीनचा आकार, फाँट, ब्राउझरची आवृत्ती यांवरून ओळख काढणारेही आहेत. पण ती गोष्ट रोज पुसण्यानेही सुटत नाही. कधीकधी एखादी साइट मोडते. माझ्या अनुभवात हे बहुतेक वेळा पानाच्या आत दुसऱ्याच कुणाची लॉगिनची किंवा पैसे भरण्याची चौकट असली की होतं, आणि इतकं क्वचित की मला तो त्रास म्हणवत नाही. तुमचं काम रोज अशाच पोर्टलवर असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

बॅनरवरच्या बटणांबद्दल थोडंसं. युरोपातल्या नियमांमुळे ती आली आणि त्यामागचा हेतू चांगला होता. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. नकार देणं स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या सीएनआयएल या खासगी माहितीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केल्याचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं. मी नकार दाबतो, दाबावा असंच सांगेन. पण ती समोरच्याला केलेली विनंती आहे आणि पाळणं त्याच्या हातात आहे. ब्राउझरमधली बंदी तुमच्या हातात आहे. दुसऱ्या मार्गात तो नकार लक्षात राहतो, तोच प्रश्न रोज येत नाही, आणि चुकून स्वीकार दाबला गेला तरी नुकसान त्या एका साइटपुरतं राहतं.

म्हणून, संगणक सामायिक असेल, किंवा तुमची लॉगिन लागणारी खाती दोनतीनच असतील, तर रोज पुसण्याचा मार्ग खुशाल घ्या. फक्त सोबत थर्ड-पार्टी कुकीजही बंद करा, म्हणजे दिवसभराचं जोडकाम थांबेल. परक्या संगणकावर एखादं काम उरकायचं असेल तर प्रायव्हेट खिडकी पुरे. स्वतःच्या लॅपटॉपवर आणि फोनवर रोजचं काम करणाऱ्याने, माझ्या मते, कप्प्यांकडे वळावं. फायरफॉक्स किंवा सफारी असेल तर फारसं काही करायचं नाही, कुणी ती सोय बंद करून ठेवली नाही ना एवढं बघा. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या गोपनीयता आणि सुरक्षा या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करा, आणि पुढचा आठवडाभर नेहमीसारखं वापरा. एखादी साइट अडलीच तर अ‍ॅड्रेस बारमधल्या चिन्हावर दाबून तेवढ्या एका साइटला परवानगी द्या. सगळी सेटिंग उलटी फिरवू नका, कारण काम झाल्यावर ती पुन्हा लावायचं राहून जातं.