'७१०'चा छापा आणि माझे १७,४०२ रुपये

घरी आर्केड कॅबिनेट (गेम पार्लरमधल्या उभ्या व्हिडिओ गेम मशीनसारखं खोकं) बनवणाऱ्यांनो, जॉयस्टिक कुठली नि बटणं कुठली यावर जेवढा खल करता, तेवढा प्लायवरच्या छाप्यावरही करा. मला पुण्यातल्या एका प्लायवूडवाल्याने पद्धतशीर गंडवलं.

माझी मागणी अगदी स्पष्ट होती. १८ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, आठ बाय चारच्या दोन शीट, ११८ रुपये चौरस फुटाने ७,५५२. वरून काळा मॅट सनमायका, १ मिमी जाडीचा, तीन शीट, १,६५० प्रमाणे ४,९५०. ग्लॉसी मुद्दाम टाळला, कारण कंट्रोल पॅनलवर स्क्रीनचा उजेड चमकतो आणि बोटांचे ठसे पुसता पुसता जीव जातो. म्हणजे फिनिशचा अभ्यास मी केला होता, बरं का! उगाच कुणी 'नीट बघून घ्यायचं होतं' म्हणू नका.

बघितलंच होतं. शीटवर ठळक '७१०' (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएसचा क्रमांक), खाली 'मरीन', बाजूला आयएसआयसारखं चिन्ह. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. इथे खाली काहीच नव्हतं. मी छाप्यावरून बोट फिरवलं तर शाई बोटाला लागली. मालक हसून म्हणाला, "पावसाळी हवा आहे साहेब, शाई वाळत नाही." मरीन प्लायची शाई पावसाळी हवेत वाळत नाही! हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं. तेवढ्यात हमालाने दोन्ही शीट एकदम डोक्यावर घेतल्या आणि रमतगमत टेम्पोकडे गेला. चांगल्या १८ मिमी प्लायची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते. पण मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, मालक क्यूआर कोड पुढे करतोय, मिस्त्री म्हणतोय "माल नंबर एक आहे". मिस्त्रीच्या कमिशनचं गणित तुम्हाला माहीतच आहे. क्यूआरवर दुकानाचं नाव नव्हतं, कुठल्या तरी बाईंचं होतं. आणि बिल? "पक्कं हवं तर अठरा टक्के वर." २,२५० रुपये कोण सोडतो? तुम्ही सोडले असते?

पितळ उघडं पाडलं टी-मोल्डिंगने, म्हणजे प्लायच्या कडेवर खाच पाडून ठोकायच्या प्लास्टिकच्या पट्टीने. १८ मिमीची पट्टी खाचेत ठोकली तर दोन्ही बाजूंनी कडा बाहेर. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: प्लाय सनमायका धरूनही १७ च्या आत, सनमायका ०.७. बटणांसाठी ३० मिमीची भोकं पाडताना आतल्या थरांत बोट जाईल एवढ्या फटी निघाल्या आणि वरचा सनमायका टवके उडून गेला. घरातल्या कॅबिनेटला साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लायही चालतो, हे मलाही कळतं. मग पैसेही एमआरचेच घ्या ना!

दुकानदार म्हणतो, कापलेला माल परत घेत नाही. चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, आमच्याकडे येत नाही." हवालदाराने कॅबिनेटचा फोटो बघून विचारलं, "या वयात गेम?" एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल नाही म्हणून बंद केली. अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. ते मी वाचून दाखवलं, तर पलीकडून फोन ठेवला. आणखी एका खात्यात तर मला छाप्याचा नमुना घेऊन यायला सांगितलं. आठ बाय चारचा नमुना बसमधून न्यायचा?

तुम्ही एवढं करा. परवाना क्रमांक दुकानात उभं राहूनच बीआयएस केअर (आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या) ॲपमध्ये टाका, पैसे नंतर. खिशात व्हर्नियर ठेवा. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान धरा. टी-मोल्डिंगची खाच आधी तुकड्यावर मारून बघा. मिस्त्रीला दुकान निवडू देऊ नका.

प्लाय-सनमायक्याचे १२,५०२, टेम्पोचे ४००, मजुरीचे ४,५००, असे १७,४०२ मागणार आहे मी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही. यूपीआयचा पुरावा आणि व्हर्नियरचे फोटो जोडून अर्ज तयार आहे. कुणाकडे असाच क्रमांक नसलेला छापा आला असेल तर शीट कापण्याआधी फोटो काढून ठेवा, आणि मलाही पाठवा.