जुन्या डॅटसनमध्ये एलएस इंजिन: १९७५ची गाडी घ्यावी की १९७६ची?

कॅलिफोर्नियात राहून डॅटसन २८० झेड या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये जनरल मोटर्सचं (जीएमचं) एलएस हे व्ही-८ इंजिन बसवायचं मनात असेल, तर गंज आणि रंग नंतर बघा, आधी मॉडेल इयर बघा. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषणाची सक्तीची तपासणी, नाही. १९७६पासूनच्या गाड्यांना आहे, साधारण दर दोन वर्षांनी. २८० झेड नेमकी १९७५ ते १९७८ या काळात विकली गेली. म्हणजे गाडी तीच, पण एका वर्षाच्या फरकाने सगळा हिशेब बदलतो.

१९७५ची मिळाली तर डोळे झाकून तीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. मात्र तपासणी माफ म्हणजे कायदा माफ नव्हे. प्रदूषण रोखणारे भाग काढून टाकायला १९७५च्या गाडीतही मनाईच आहे.

१९७६ची घेतलीत तर इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्याहून नवं हवं. हेवी ड्यूटी ट्रकचं इंजिन कारला चालत नाही. शिवाय इंजिनाबरोबर त्याचं सगळं बिऱ्हाड आणावं लागतं: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा चारकोल कॅनिस्टर, कॉम्प्युटर. समजा, २००४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओ गाडीचं एलएस१ इंजिन टाकलं, तर ओबीडीचं (गाडीतले बिघाड वाचायचं यंत्र जोडायचं) सॉकेट आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा, दोन्ही चालायलाच हवेत. बाजारातले हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) लावायचे तर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असलेलेच. मग गाडी स्मॉग चेकच्या सरकारी रेफरीकडे, म्हणजे अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्याकडे, न्यायची. सगळं जागच्या जागी असलं की तो दाराच्या चौकटीवर लेबल लावतो आणि पुढच्या तपासण्या नेहमीच्या स्टेशनात होतात.

यात हौशी माणूस अडतो तो इंजिनावर नाही, किरकोळ भागांवर. म्हणून माझं ठाम मत: नुसतं इंजिन घेऊ नका, ते ज्या गाडीत आहे ती, ठोकलेली का होईना, अख्खी गाडी घ्या. भंगारात शोधाशोध नको असेल, तर जीएमचा ई-रॉड संच आहे. त्यात नव्या इंजिनासोबत कन्व्हर्टर, सेन्सर आणि कॅनिस्टर येतात. महाग पडतो, पण रेफरीपुढे उभं राहताना धाकधूक कमी.

अख्खी गाडी आणलीत तर ती खोलण्याआधी इंजिनापासून कन्व्हर्टर किती अंतरावर आहे ते मोजून फोटो काढून ठेवा. तुमच्या गाडीतही तो तसाच बसायला हवा, आणि झेडच्या पोटाखाली जागा बेताचीच आहे.