मनगटाचं हाड मोडलंय, पण लिगामेंटचं काय? एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि दुर्बीण

तळहात टेकून पडलं की मनगटात दोन इजा एकदम होऊ शकतात. रेडियसचं (कोपरापासून मनगटापर्यंतच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) टोक मोडतं आणि आतल्या छोट्या हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंटही फाटतं. मोडलेलं हाड फोटोत बहुधा दिसतं. लिगामेंट एक्स-रेत कधीच दिसत नाही. ते फाटल्याने हाडं सरकली असतील, तर तेवढंच सरकणं दिसतं. म्हणून एक्स-रेत बिघाड दिसला तर त्यावर भरवसा ठेवावा, पण 'नॉर्मल' या शब्दावर तेवढा ठेवू नये.

समोरून घेतलेल्या फोटोत स्कॅफॉईड आणि ल्युनेट या दोन हाडांमधलं अंतर साधारण २ मिमीपर्यंत असतं. ३ मिमीच्या वर गेलं तर संशय घ्यायचा. बाजूच्या फोटोत या दोन हाडांतला कोन ३० ते ६० अंशांत असतो. ७० च्या पुढे गेला तर त्यांना बांधणारं लिगामेंट तुटल्याची शक्यता दाट. मात्र काहींची मनगटं जन्मापासूनच सैल असतात, त्यामुळे दुसऱ्या हाताचा फोटो सोबत काढून घ्यावा. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच राहून जातो. बाजूचा फोटो जरा तिरका आला तरी कोन खोटा निघतो, आणि प्लास्टरवरून काढलेल्या फोटोत बारीकसारीक खुणा झाकल्या जातात.

खरी गोम पुढे आहे. लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर हात सैल असताना हाडं जागेवरच दिसतात. घट्ट मूठ आवळली की मधलं कॅपिटेट हाड खाली दाबलं जातं आणि स्कॅफॉईड-ल्युनेटमधली फट उघडते. म्हणून मूठ आवळून फोटो काढतात. पण ताज्या फ्रॅक्चरमध्ये रोगी मूठ आवळणार कशी? म्हणजे हाड आणि लिगामेंट दोन्हींना इजा झाली असेल, नेमका तेव्हाच एक्स-रे सर्वात कमी उपयोगाचा ठरतो. अशा वेळी फ्रॅक्चरची रेघ वाचावी. अंगठ्याच्या बाजूचं रेडियसचं टोक तुटलं असेल, किंवा रेघ सांध्यात नेमकी स्कॅफॉईड-ल्युनेटच्या समोर उतरली असेल, तर फट दिसो न दिसो, लिगामेंट तपासायलाच हवं. करंगळीच्या बाजूच्या अल्ना या हाडाचं टोक बुडातून तुटलं असेल तर टीएफसीसीचा (त्या बाजूची कुर्चा आणि लिगामेंटं मिळून झालेल्या गादीचा) विचार करावा.

सीटी स्कॅन हाडांसाठी उत्तम. सांध्याच्या पृष्ठभागात २ मिमीची पायरी पडली आहे का, तुकडे किती, धातूची प्लेट कुठे बसवायची, हे त्यातून ठरतं. लिगामेंटने ओढून काढलेली बारीक कपचीही त्यात दिसते, पण लिगामेंट दिसत नाही. फक्त लिगामेंटसाठी साधा सीटी सुचवला गेला, तर त्यातून काय कळणार हे विचारायला हरकत नाही.

एमआरआयत लिगामेंट दिसतं, पण मशीन मनगटासाठी तयार असेल तरच. केंद्राला आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: मनगटाची वेगळी कॉईल (हाताभोवती बसणारा, चित्र टिपणारा भाग) आहे का, मशीन किमान १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) आहे का (३ टेस्ला असेल तर उत्तम), आणि चित्राचे काप २ मिमी किंवा त्याहून पातळ घेतात का. मोठ्या कॉईलमध्ये हात कसाबसा ठेवून काढलेला एमआरआय म्हणजे पैसे पाण्यात. चांगल्या मशीनवरही अर्धवट फाटलेलं लिगामेंट सुटू शकतं. सांध्यात चित्रात उठून दिसणारं औषध सोडून काढलेला एमआरआय त्याहून सरस. उलट पन्नाशीनंतर टीएफसीसीला वयानेच भोकं पडलेली असतात, तेव्हा रिपोर्टमधल्या प्रत्येक 'टेअर'वर (फाटीवर) उपचार लागतोच असं नाही. एमआरआय काढायचाच असेल तर प्लेट बसवण्याआधी काढावा. नंतर धातूमुळे शेजारचं चित्र विस्कटतं.

बारीक छिद्रातून सांध्यात दुर्बीण घालून पाहणं हे सर्वात पक्कं निदान. लिगामेंट किती सैल झालंय ते १ ते ४ श्रेणीत मोजता येतं आणि त्याच वेळी तारा घालून बांधताही येतं. पण त्याला भूल लागते आणि मनगटाची दुर्बीण चालवणारा सर्जन लागतो.

ऑपरेशन ठरलेलंच असेल तर मधला मार्ग आहे. प्लेट बसली की रोगी भुलीत असतानाच सी-आर्मखाली (ऑपरेशनच्या टेबलावरच चालणाऱ्या एक्स-रे मशीनखाली) मनगट ओढून आणि दोन्ही बाजूंना वाकवून फट उघडते का पाहायचं. त्याला फार वेळ लागत नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे करणार का, असं जरूर विचारा.

साठीपुढच्या माणसाचं सांध्याबाहेरचं साधं फ्रॅक्चर असेल तर एक्स-रेवर थांबलेलं बहुधा चालतं. हातावर पोट असलेल्या पंचविशीतल्या माणसाच्या बाबतीत थांबू नये. फोटोत काहीच नाही, पण अंगठ्याच्या बुडाशी खळगीत दाबल्यावर दुखतं, तेव्हा स्कॅफॉईडला न दिसणारी चीर असेल म्हणून प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायची पद्धत आहे. बीड-धाराशिवकडची टोळी ऊसतोडीला कारखान्यावर निघाली असेल तर तो दुसरा फोटो होतच नाही. अशांनी निघण्याआधीच एमआरआय करून घेतलेला बरा, लिगामेंटसाठीही, कारण ताजं फाटलेलं लिगामेंट शिवायची सोय साधारण ४ ते ६ आठवड्यांपर्यंतच असते. पुढे टोकं आक्रसतात आणि ऑपरेशन मोठं होतं.

एका बाबतीत मात्र स्कॅनची वाट पाहायची नाही. अंगठा ते मधलं बोट बधिर झालंय आणि बाजूच्या फोटोत ल्युनेट रेडियस-कॅपिटेटच्या रेषेत नाही, तर हाड निखळलेलं असू शकतं. साध्या फोटोत दिसत असूनही ही इजा बऱ्याचदा नजरेतून सुटते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हाडांच्या डॉक्टरकडे जावं. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर यांपैकी जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठलं तरी चालेल. जाताना नुसता रिपोर्ट नको, मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी, कारण कोन आणि फट फिल्मवरच मोजता येतात.