गुहागर बाजारपेठेतलं आमचं मेडिकल : पाचपैकी चार तारे

आईची प्रेशरची गोळी, टेल्मिसार्टन 40, गेली तीन वर्षं इथूनच नेतो. पावसाळ्यात मी आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवायचो. काउंटरवरच्या ताईंनी हटकलं, "ही दमट हवेत ओल धरते हो, घ्यायच्या वेळीच फोडा." आता पट्टीवरच पेनाने वार लिहितो. आईच्या गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी मागितली, तर चिठ्ठीशिवाय दिलीच नाही. त्याने प्रेशर चढू शकतं, प्रेशरच्या गोळीसोबत घेतली तर किडनीवरही ताण येतो म्हणाल्या. आई रुसली, सुंठीचा लेप लावून बसली. दुपारी एक ते चार मात्र शटर खाली (कोकणच ते!), म्हणून एक तारा कापला. गणपतीत चाकरमान्यांची झुंबड असते, पट्टी आठवडाभर आधीच आणून ठेवा. आणि सुट्टे न्या.