आपली जुनी गाडी सांभाळायची की दुसऱ्याची जुनी घ्यायची?

आमची पेट्रोल हॅचबॅक 2008 सालची. दांडिया बाजारात राहणाऱ्या साडूभाऊंकडे तशीच एक होती. ती त्यांनी 2025 च्या सुरुवातीला विकून टाकली आणि पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. दोन्ही गाड्यांमध्ये काय काय निघालं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून बडोद्यात कुणी "ठेवू की काढू?" विचारलं की मला गप्प बसवत नाही.

आपली जुनी ठेवली तर तिच्या खोडीही ठेवाव्या लागतात. आमच्या गाडीला सकाळी चावी एक घर फिरवून दोन सेकंद थांबायचं, टाकीतल्या पेट्रोल पंपाची घुर्र थांबली की मग स्टार्टर मारायचा. मागचा डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून थोडा फरक पडला, पण खरं दुखणं इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं त्याचं, निघालं. रबर फाटून लोखंडावर लोखंड बसलं होतं.

गेल्या मे महिन्यात फतेगंजच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर चढला. एका मोठ्या वर्कशॉपने रेडिएटर आणि पंखा दोन्ही बदला म्हणून सांगितलं. मी गाडी नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पंख्याचा प्लग काढला, दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या. पंखा फिरला. "मोटर सारी छे, स्विच गयो," (मोटर चांगली आहे, स्विच गेला) एवढंच बोलले. मग इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून दाखवलं, आत चहासारखं तपकिरी पाणी. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी टाकणारा मीच. स्विच बदलला, रेडिएटर धुतला, कूलंट भरलं, हजार-बाराशेत भागलं. जुनी गाडी ठेवायची असेल तर आधी असा माणूस हाताशी हवा. तो नसेल तर माझं मत सरळ आहे, काढा.

आता साडूभाऊंची गाडी. एसी झकास, आवाज नाही, आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आहेत. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याच जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या गाडीत दोन्ही नाहीत, आणि इथे माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी लागणारे रबरी पाइप आणि सील एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांत आले, त्याआधीच्या गाडीत ते तपासत राहावे लागतात. हे मात्र साडूभाऊंनाही चुकलेलं नाही.

पण बडोद्यात वापरलेली गाडी घेताना एक वेगळीच भीती असते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. साडूभाऊंनी पहिली पसंत केलेली गाडी त्यातलीच वाटली. बाहेरून लखलखीत. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाकडच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यात माती. अशा गाडीची वायरिंग महिनाभरही चालेल, वर्षभरही. विक्रेत्याकडे विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा, तो टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढावीच लागते ही भीती दिल्ली परिसरातल्या नियमामुळे पसरली. आपल्याकडे फिटनेस तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारला त्याची फी 5,000 रुपये झाली होती. आमची 2023 मध्ये झाली. विमा मात्र दोघांनीही नीट वाचावा. पुराचं नुकसान फक्त थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही. पूर्ण विम्यातही, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करून इंजिन बसलं तर वेगळं इंजिन कव्हर असल्याशिवाय भरपाई सहसा मिळत नाही. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) गाडी घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मी कधी काढेन? क्लच, बुश, माउंटिंग, बॅटरी या बदलून मिळणाऱ्या वस्तू आहेत, त्यांना घाबरून गाडी विकू नये. पण पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येऊन दर महिन्याला ऑइल घालावं लागत असेल, तर पुढचा खर्च वाया. गाडी रोज गावातल्या गावात आठ-दहा किलोमीटर फिरत असेल तर जुनीच बरी. दर आठवड्याला एक्स्प्रेसवेवरून 93 किलोमीटर अहमदाबाद करायचं असेल, गाडीत लहान मुलं असतील, तर साडूभाऊंसारखी घ्या.

आमची नोंदणी 2028 पर्यंत आहे. तोवर बाजारहाट आमच्या गाडीने. पावागडच्या डोंगरावर माचीपर्यंत जायचं ठरलं की साडूभाऊंना फोन करतो, आणि पेट्रोल मी भरतो.